चार चॅनलचा एक आवाज

यात्रा कमिटीच्या बैठकीत मी कधी बोलत नाही. बोलणारे गावात भरपूर आहेत, आणि सरकारी नोकरीमुळे मला न बोलता मान हलवायची सवय झालेली आहे. पण दोन हजार सहा सालच्या त्या बैठकीत अध्यक्ष चिमाजीनाना म्हणाले, "बायांचं भजन नेमीसारखं पाच वाजता, पंधरा मिंटं. गोरख, तू तेवढ्यात च्या पिऊन घे." साउंडवाला गोरख हसला, बाकीचेही हसले, आणि मी उभा राहिलो. का उभा राहिलो हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

अंजना, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, तेव्हा अकरा वर्षं महिला भजनी मंडळात गात होती. यात्रेत मंडळाला दरवर्षी पंधरा मिनिटं मिळायची, आणि त्या पंधरा मिनिटांत गोरख आपली स्पीकरची मोठी खोकी बंद ठेवून एकच भोंगा चालू ठेवायचा. तो भोंगा देवळाच्या मागच्या भिंतीकडे तोंड करून बसवलेला होता. जनरेटर रात्रीच्या ऑर्केस्ट्रासाठी राखायचा असायचा म्हणे. बाया बेंबीच्या देठापासून गायच्या, आणि आमच्या कळंबची जनता भेळ खायची. त्यानंतर आठ दिवस अंजना कोमट पाणी पिऊन घसा शेकायची. तक्रार नाही. फक्त एकदा भाकरी थापता थापता म्हणाली होती, "एकदा तरी चौकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे हो."

"महिलांच्या भजनाचा आवाज माझ्याकडे लागला," मी बैठकीत म्हणालो. "चौकापर्यंत ऐकू जाईल."

"भाऊसाहेब, चौकापत्तुर?" नानांनी टोपी सारखी केली. "आन् न्हाई गेला तर?"

उत्तराची त्यांना घाई नव्हती. त्यांनी लगेच पुढचं वाक्य टाकलं. "न्हाई गेला तर पुढल्या सालापासनं ती पंधरा मिंटं बी आर्केस्ट्राला. मंजूर?"

"मंजूर," मी म्हणालो. हा शब्द मी कचेरीत दिवसातून चाळीस वेळा लिहितो, त्यामुळे तो आपोआप बाहेर पडला.

बायकोची पंधरा मिनिटं तिला न विचारता पणाला लावून मी घरी आलो, तेव्हा शेजारच्या अंबाबाईंनी बातमी आधीच पोचवलेली होती. अंबाबाई मंडळात टाळ वाजवतात. अंजनानं ताट वाढलं, वाटीत आमटी ओतली आणि विचारलं, "तुम्हाला येतं का ते?"

मी भिंतीकडे बोट केलं. लग्नाआधी मी टपालानं रेडिओ दुरुस्तीचा कोर्स केला होता आणि त्याचं प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत तिथं लावलेलं आहे. त्या प्रमाणपत्राच्या जोरावर मी तोवर एक बॅटरी दुरुस्त केली होती. अंजनानं प्रमाणपत्राकडे एकदा बघितलं आणि भाकरी वाढली, याचा मला थोडा रागच आला.

रविवारी एसटीनं पुण्याला गेलो आणि बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीतून चार चॅनलचा अॅम्प्लिफायरचा बोर्ड आणि स्पीकरची दोन जुनी खोकी घेऊन आलो. सोबत इंग्रजीत छापलेले तीन कागद होते. घरी आल्यावर मी प्रथम काय केलं असेल, तर फाइल उघडली. कागदांना पंचिंग मशीननं भोकं पाडली, लाल टॅग ओवला, अनुक्रमणिका लिहिली. ज्या कामाची फाइल नाही ते काम झालेलंच नसतं, हे मी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकलो.

आता चार चॅनल म्हणजे काय, ते मला समजलं तेवढं सांगतो. बोर्डावर आवाज वाढवणारे चार गडी असतात. एकेकटा गडी घरातल्या रेडिओपुरता ठीक. चौकापर्यंत जायचं तर त्यांची जोडी करायची. जाड ओंडका कापायला दोन माणसांची करवत असते ना, तशी. एकानं ढकलायचं तेव्हा दुसऱ्यानं ओढायचं. याला ब्रिज म्हणतात. आणि अशा दोन जोड्या एकाच ओंडक्याला लावल्या की त्याला पॅरलल म्हणायचं. कागदावर इतकं सोपं होतं की मी अंजनाला सांगून टाकलं, चार दिवसांत होईल.

पहिली जोडी जोडली. टेपरेकॉर्डरवर शेतीविषयक कार्यक्रम लावला. आवाज शून्य. बोर्डावरचा दिवा लागलेला, वायरी जागेवर, आणि कांद्यावरच्या करपा रोगाबद्दल एक अक्षर ऐकू येईना. आठ दिवस मी वायरी काढून लावत होतो. तेही भारनियमनाच्या वेळापत्रकात. वीज दुपारी यायची तेव्हा मी घोडेगावला कचेरीत, आणि मी घरी यायचो तेव्हा ती गेलेली असायची. शेवटी एक दिवसाची किरकोळ रजा टाकली. रजेच्या अर्जात 'घरगुती कारण' लिहिलं. दुपारी लक्षात आलं, की मी दोन्ही गड्यांना एकच हुकूम देत होतो. दोघंही एकाच वेळी ढकलत होते आणि एकाच वेळी ओढत होते. करवत हलणार कशी? एकाचा हुकूम उलटा केला, आणि करपा असा कडाडला की अंबाबाई हातातलं सूप टाकून धावत आल्या.

त्या दिवशी माझी छाती फुगली होती, नाही म्हणत नाही. चहा झाला. अंबाबाईंनी बोर्डाला हळद-कुंकू वाहायला घेतलं, ते मी वेळेत अडवलं. मग त्यांनी ते माझ्या कपाळाला लावलं.

दुसरी जोडी लावल्यावर नवीन भानगड. एक जोडी थंडगार, आणि दुसरी हात लावला तर चटका. दोन्ही जोड्यांचा जोर सारखा नव्हता, म्हणून जास्त जोराची जोडी कमी जोराच्या जोडीलाच ढकलत बसली होती. ओंडका राहिला बाजूला. हा प्रकार कचेरीत मी रोज पाहतो, त्यामुळे हे मला पटकन कळलं. बोर्डावरचे दोन बारीक स्क्रू फिरवून, मीटर लावून, दोघांचा जोर सारखा केला. एवढं सोपं लिहिलं खरं, पण त्याला तीन रविवार गेले.

मधल्या काळात परवानगीचं लफडं उद्भवलं. वेगळा ध्वनिक्षेपक लावायचा तर पोलिसांकडे अर्ज, अर्जाला ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, आणि तो दाखला एका सरकारी कचेरीच्या शिफारशीनं जाणार. कोणती कचेरी ते विचारू नका. एवढंच सांगतो, की तिथल्या आवक-जावक टेबलावर मीच बसतो. माझा अर्ज माझ्याच टेबलावर आला. मी त्याला आवक क्रमांक दिला. अर्जाला ध्वनिक्षेपकाचा तपशील जोडलेला नव्हता. ओळखीचा माणूस म्हणून सोडून दिलं असतं तर उद्या लोकांनी बोट दाखवलं असतं. म्हणून मी मलाच पत्र लिहिलं, की सात दिवसांत त्रुटीची पूर्तता करावी. ते पत्र टपालानं घरी आलं. अंजनानं ते वाचलं आणि माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"तुम्ही हे तोंडानं सांगू शकला नसता?" तिनं विचारलं.

"कुणाला?" मी म्हणालो. ती आत निघून गेली.

पूर्तता झाली, परवानगी आली, आणि यात्रा बारा दिवसांवर आली तेव्हा चांगदेव आमच्या अंगणात शिरला. चांगदेवचं हायवेला मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची जळालेली मोटार तो भरून देतो, त्यामुळे वीज या विषयात गावात त्याच्यापुढे कोणी बोलत नाही. मी बोर्ड अंजनाच्या लग्नातल्या पत्र्याच्या ट्रंकेत बसवला होता आणि प्रत्येक खोक्याकडे दोन-दोन वायरी ओढायच्या तयारीत होतो.

"भाऊसाहेब, येवढ्या वायरी? कशापायी?"

"एक प्लस, एक मायनस."

"मायनसला वायर?" चांगदेव ओट्यावर बसलाच. "आवो, मायनस कुठनंबी घ्यावा! माझं आख्खं घर एका फेजवर आन् एका सळईवर पेटतंय."

हे खोटं नव्हतं. त्या भारनियमनाच्या दिवसांत आमच्या अर्ध्या तालुक्यानं हाच उद्योग केलेला होता. मोटारीच्या लाइनची एक वायर घ्यायची, दुसरी लोखंडी सळईला बांधायची, सळई जमिनीत ठोकून तिच्यावर मिठाचं पाणी ओतायचं. बल्ब लागायचा. मायनस म्हणजे जमीन, आणि जमीन सगळ्यांच्या दारात आहे, ही गोष्ट आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यालेलो. चांगदेवनं दोन्ही खोक्यांची एकेक वायर अंगणातल्या नळाच्या लोखंडी पाइपला आवळली. ट्रंकेतून येणारी एक वायरही त्याच पाइपला. शिवाय भाऊसाहेबांना शॉक बसू नये म्हणून ट्रंकेलाही अर्थिंग म्हणून तोच पाइप. मला हे सगळं इतकं योग्य वाटलं की मी त्याला पकडीनं आवळायला मदत केली.

बटण दाबलं. टक. दिवा विझला. चार-पाच सेकंदांनी आपोआप लागला. पुन्हा टक.

"चार्ज व्हतंय," चांगदेव म्हणाला.

अर्धा तास टकटक चालली. मग दोन दिवस चालली. मी चारही गड्यांचे जोर पुन्हा मोजले. हुकूम तपासले. ट्रंकेला भोकं पाडून पंखा बसवला. अंबाबाईंनी नजर लागल्याचं निदान करून ट्रंकेवर लिंबू-मिरची टांगली. शेवटी बोर्ड ट्रंकेतून सोडवला, टॉवेलात गुंडाळला आणि एसटीनं पुण्याला गेलो. दुकानदारानं टेबलावर ठेवून त्याच्या स्पीकरला दोन वायरी लावल्या. बोर्ड असा वाजला की समोरच्या दुकानातला माणूस शिव्या देत बाहेर आला.

"काका, याला काय झालंय?" दुकानदारानं विचारलं. मला काका म्हणवून घ्यायची सवय नाही, तरी मी ऐकून घेतलं.

घरी आलो. ट्रंकेत बसवला. टक.

पुन्हा पुण्याला. पुन्हा तिथं ठणठणीत. या वेळी दुकानदारानं माझ्यासाठी चहा मागवला आणि हळू आवाजात विचारलं, "काका, घरी सगळं ठीक आहे ना?" इतका अपमान माझा सेवापुस्तकातल्या शेऱ्यातही झाला नव्हता. परत येताना एसटीत मी टॉवेलातला बोर्ड मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारच्या बाईंनी विचारलं, "बाळ किती महिन्याचं?" मी मंचरपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिलो.

यात्रा तीन दिवसांवर. मी हात टेकले. अंजनासमोर खाली बसलो आणि म्हणालो, "माझं चुकलं. तुझी पंधरा मिनिटं गेली. नानांना जाऊन सांगतो."

ती मेथी निवडत होती. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. "अंबाबाईंना काय सांगू?" एवढंच म्हणाली, आणि मेथीची एक काडी उगाच तीनदा मोडली. मला माझी भयंकर लाज वाटली.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "दुकानात चालतं ना ते?"

"चालतं."

"हाच बोर्ड?"

"हाच."

"मग दुकानात काय नाही, जे इथं आहे?"

मी मोजायला लागलो. भारनियमन. लिंबू-मिरची. ट्रंक.

"आणि चांगदेवभावजी," अंजना म्हणाली. "ते दुकानात नसतात."

मी हसलो. मग हसायचा थांबलो. उठून अंगणात गेलो आणि पाइपाकडे बघत राहिलो. मग आत येऊन फाइल काढली. पान एक, पान दोन मी पाठ केलेली. पान तीन उघडलं. ठळक अक्षरांत, चौकटीत छापलेलं होतं, की ब्रिज केल्यावर मायनस नावाची वायर उरतच नाही. दोन्ही वायरी जिवंत असतात. दोन्हींपैकी एकही पेटीला, पाइपला किंवा जमिनीला लागू देऊ नये. म्हणजे माझ्या चार गड्यांपैकी दोघांना आम्ही खांबाला बांधून ठेवलं होतं आणि वर म्हणत होतो, कापा ओंडका. आणि त्या चौकटीखाली माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'पाहिले. फाइलला लावावे.' खाली सही, तारीख.

तो कागद मी अंजनाला दाखवायला नको होता. तिनं सही बघितली, आणि इतकी हसली की मेथी विस्कटली. चार महिन्यांत ती पहिल्यांदा अशी हसली होती, म्हणून मी मुकाट मेथी गोळा करायला बसलो.

पाइपावरच्या सगळ्या वायरी सोडवल्या. प्रत्येक खोक्याला दोन-दोन वायरी, सरळ बोर्डापासून. बटण दाबलं. टक झालं नाही. शेजारच्या गोठ्यातली म्हैस दावं तोडायला बघू लागली, एवढा आवाज झाला. चांगदेवला बोलावून कागद दाखवला. तो इंग्रजी चौकटीकडे दोन मिनिटं बघत बसला. "मायनसच न्हाई?" तो म्हणाला. "मग ते चालतं कशावर राव?" दोन दिवस तो आमच्याकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी, यात्रेच्या सकाळी, दुकानातलं नवीन वायरीचं भेंडोळं खांद्यावर टाकून आला आणि स्टेजपासून खोक्यांपर्यंत दुहेरी वायर ओढून दिली.

पाचला दहा कमी असताना चिमाजीनाना मुद्दाम चौकात, पानाच्या टपरीपाशी, जाऊन उभे राहिले. सोबत दोन साक्षीदार होते. जनरेटरवरून माझ्यापुरती एक वायर देऊन गोरख चहाचा कप हातात धरून माझ्या ट्रंकेकडे बघत होता. मी स्टेजच्या मागं ट्रंकेशेजारी बसलो आणि बोर्डाच्या जस्ती पट्टीवर एक बोट ठेवलं, गरम होतेय का बघायला. बाया नऊवारी सावरून बसल्या. अंबाबाईंनी टाळ धरले. अंजनानं माइक जवळ ओढला आणि गौळणीची पहिली ओळ घेतली.

आवाज गेला. खोक्यांतून निघाला तो भेळेच्या गाड्यांवरून, पाळण्यावरून, देवळाच्या कळसावरून गेला. आणि दुसऱ्या ओळीवर एकदम बंद झाला.

मी झटकन ट्रंकेवर वाकलो. दिव्याकडे बघितलं. दिवा लागलेला होता. बोटाला चटका नव्हता. अंजनाच थांबली होती. ती खोक्याकडे तोंड करून बघत होती.

"अगं बाई," ती म्हणाली. माइकवर. "हा माझा आवाज?"

हे सगळ्या कळंबनं ऐकलं. भेळवाल्याचा हात कागदात कांदा टाकता टाकता थांबला. कोणी हसलं नाही. अंबाबाईंनी टाळ खाली ठेवले आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. अंजनानं पदर नीट केला, घसा खाकरला नाही, काही नाही. पहिल्यापासून सुरू केलं.

त्या गाण्याविषयी मला फार लिहिता येणार नाही. खालच्या सुरात तिचा आवाज जरासा खरखरीत आहे, आणि वर गेला की मोकळा होतो. ती आधी खोक्यांना भ्यायल्यासारखी गात होती. मग तिनं भिणं सोडून दिलं. डोळे मिटले. लोक चौकातून चालत देवळाकडे यायला लागले, हातात भेळेचे कागद तसेच. सगळ्यात शेवटी चिमाजीनाना आले, टोपी हातात घेऊन. पंधरा मिनिटं झाली तेव्हा गोरखनं घड्याळाकडे बघितलं. नाना त्याच्यावर खेकसले, "गप बस की! गाऊ दे त्यांना." भजन पाऊण तास चाललं.

उतरल्यावर बायकांनी अंजनाला गराडा घातला. नानांनी हात जोडले आणि सर्वांसमोर सांगितलं, की पुढच्या वर्षापासून महिलांना एक तास. ट्रंकेकडे कोणी ढुंकूनही बघितलं नाही. गोरख माझ्याजवळ आला तेव्हा मी सावरून बसलो. तो विचारणार, किती वॅट? कोणता ब्रिज? मला उत्तर पाठ होतं.

"वैनींचा आवाज लई भारी हाय राव," तो म्हणाला आणि निघून गेला.

दिवे लागायच्या सुमाराला आम्ही घराकडे निघालो. ट्रंक माझ्या डोक्यावर. अंजना वाटभर बोलली नाही. ती आता माझं कौतुक करणार, त्यासाठी शब्द शोधत असणार, अशा समजुतीत मी चालत होतो. अंगणात आल्यावर ती थांबली.

"अहो, मशीननं आवाज तसा केला का?"

"मशीन आवाज मोठा करतं," मी म्हणालो. "चांगला-वाईट करत नाही. पान दोन."

"म्हणजे स्वयंपाकघरात मी गुणगुणते, तेव्हाही असाच येतो?"

"असाच."

"रोज?"

"रोज."

ती माझ्याकडे बघत राहिली. डोळे भरलेले होते. "एकोणीस वर्षं झाली आपल्या लग्नाला," ती म्हणाली. "तुम्ही रोज ऐकत होता. मग एकदाही मला सांगावंसं वाटलं नाही?"

मी ट्रंक खाली ठेवली. चार गड्यांचा हुकूम, जोर, भारनियमन, सगळ्यांची उत्तरं माझ्याकडे होती. याचं नव्हतं. मी म्हणालो, "छान आहे तुझा आवाज."

"ऐकू नाही आलं," अंजना म्हणाली. "मोठ्यानं म्हणा."

शेजारच्या ओट्यावर अंबाबाई पाय पसरून बसल्या होत्या. कुंपणापलीकडे चांगदेव विडी ओढत उभा होता. मी घसा खाकरला आणि मोठ्यानं म्हणालो.